पंचवीसचे बावन्न: शिक्षकांनी एकमेकांना विचारायचं कधी?

दुसरीच्या वर्गात 'पंचवीस लिहा' म्हटलं की दरवर्षी चार-पाच पोरं ५२ लिहितात. त्रेसष्ट म्हटलं की ३६. एकोणचाळीस म्हटलं की त्यातलं चाळीस कानात राहतं, म्हणून आधी ४ पडतो आणि होतात ४९. सायन-माटुंग्याकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी सतरा वर्षं हे बघतेय आणि त्यातली कितीतरी वर्षं मला वाटायचं की पोरांचं लक्ष नाही, मग वाटायला लागलं की माझंच शिकवणं कमी पडतंय, मग परत पोरांचं लक्ष नाही, असंच चालू होतं. याचं कारण मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कळलं नाही. ते कळलं पहाटेच्या स्लो लोकलमध्ये, लेडीज डब्यात, मुलुंड आणि भांडुपच्या मध्ये कुठेतरी.

आमची शाळा सकाळची, म्हणून डोंबिवलीहून सहाच्या आतली गाडी. त्याच डब्यात एक मॅडम असतात, धारावीतल्या तमिळ माध्यमाच्या शाळेत शिकवतात, माझ्यासारख्याच सायनला उतरतात. तीन-चार वर्षं आम्ही एकमेकींसाठी जागा धरत होतो, पण बोलणं व्हायचं ते गाडी लेट का, पगार जमा झाला का आणि मुलांच्या परीक्षा, एवढंच. एक दिवस मी मांडीवर वह्या घेऊन तपासत होते आणि त्यांनी वाकून ते ५२ बघितले. म्हणाल्या, "ये गलती हमारे यहाँ नहीं होती." मी म्हटलं, का? तर त्यांनी बोटांवर करून दाखवलं. तमिळमध्ये पंचवीसला इरुपत्तैंदु म्हणतात, इरुपदु म्हणजे वीस आणि ऐंदु म्हणजे पाच. आधी वीस, मग पाच, जसं लिहायचं तसंच बोलायचं. आपल्याकडे 'पंच' आधी येतो आणि 'वीस' नंतर, आणि पोरगं ऐकतं त्याच क्रमाने लिहितं. म्हणजे त्या पोराचं लक्ष असतं, नीट असतं, ते कानाशी प्रामाणिक असतं!

मग त्या म्हणाल्या की त्यांची पोरं नव्वदला अडकतात. कारण तमिळमध्ये नव्वदला तोण्णूरु म्हणतात आणि नूरु म्हणजे शंभर, त्यामुळे पोरांना त्यात शंभर ऐकू येतो. आमच्या पोरांचं एकोणचाळीसमधल्या चाळीसशी होतं तेच. भांडुपपासून सायनपर्यंत आम्ही दोघी बोलत राहिलो आणि त्या वीस-पंचवीस मिनिटांत मी जे शिकले ते त्याआधीच्या कित्येक कोर्समधून शिकले नव्हते. हे मी कोर्स बनवणाऱ्यांना कमी लेखायला म्हणत नाहीये, झालं तसं सांगतेय. कारण तिथे माझा प्रश्न होता, माझ्या वर्गातल्या वह्या होत्या आणि समोर तेच काम दुसऱ्या भाषेत करणारी बाई होती.

आता याला एक नाव मिळालंय, पर्सनल लर्निंग नेटवर्क. कार्यशाळांमध्ये हल्ली हा शब्द कानावर येतो. साधा अर्थ असा की आपण कुणाकडून शिकायचं ती माणसं आणि त्या जागा शिक्षकाने स्वतः निवडायच्या आणि ते नातं वर्षानुवर्षं टिकवायचं. कल्पना मला पूर्ण पटते. पण त्यातला 'पर्सनल' शब्द मला बोचतो, कारण आपल्याकडे पर्सनल म्हटलं की त्याचा अर्थ होतो तुमचं तुम्ही बघा. घरी गेल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, मुलं झोपल्यावर, तुमचा डेटा, तुमचा फोन, तुमचा रविवार. माझं म्हणणं एवढंच आहे की शिक्षकांनी एकमेकांकडून शिकणं हे शाळेच्या कामाचा भाग आहे, त्याला शाळेच्या वेळेत जागा द्या आणि ते शिक्षकांच्याच हातात राहू द्या.

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं आहे. चांगली गोष्ट आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण हे तास मोजायचे म्हटले की सगळ्यांची नजर सर्टिफिकेटकडे जाते. व्हिडिओ बघा, प्रश्नमंजुषा सोडवा, सर्टिफिकेट डाऊनलोड करा, पीडीएफ ग्रुपवर टाका. मी असे कोर्स केलेत, काहींमध्ये खरंच चांगला मजकूर होता, नाही असं नाही. पण व्हिडिओला मी विचारू शकत नाही की माझ्या वर्गात सगळी मिळून सदतीस पोरं आहेत, त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी भोजपुरी किंवा हिंदी बोलतात, त्यांना 'एकोणसत्तर' कसं समजावू. त्या लोकलमधल्या गप्पा मात्र कुठल्याच हिशोबात शून्य तास आहेत.

लोक म्हणतात, अहो, तुमचे व्हॉट्सॲप ग्रुप आहेत ना. आहेत. माझ्या फोनमध्ये शाळेच्या कामाशी संबंधित अकरा ग्रुप आहेत. त्यात काय येतं? परिपत्रक येतं, 'आजच्या आज माहिती भरा' येतं, लिंक येते, लिंक भरली का याची आठवण येते, सुप्रभात येतं, वाढदिवस येतात, आणि मग परत लिंक. प्रश्न येत नाही. 'मला भागाकार शिकवायला जमत नाहीये, तुम्ही कसं करता' असं सतरा वर्षांत एकाही ग्रुपवर कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही, मीही लिहिलेलं नाही. कारण त्याच ग्रुपमध्ये मुख्याध्यापक असतात, वरचे अधिकारी असतात, कधी संस्थेची माणसंही असतात, आणि तिथे प्रश्न विचारणं म्हणजे 'या बाईंना एवढंही येत नाही' असं स्वतःच्या नावापुढे लिहून घेणं. नव्याने लागलेल्या शिक्षणसेवकांचं तर विचारूच नका. पहिली तीन वर्षं ते मानधनावर असतात, प्राथमिकला महिना १६,००० रुपये, आणि सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनाच पडतात, पण नोकरी कायम व्हायची असते म्हणून सगळ्यात गप्प तेच बसतात. म्हणून मला वाटतं ग्रुपमध्ये १०२४ माणसं बसतात की पाच हा मुद्दा फार महत्त्वाचा नाही. तिथे 'मला येत नाही' हे वाक्य बोलता येतं का, यावर सगळं ठरतं.

२०१९ची गोष्ट आठवत असेल. दुसरीच्या गणिताच्या नवीन पुस्तकात बालभारतीने एकवीसला 'वीस एक', त्रेसष्टला 'साठ तीन' अशी संख्यावाचनाची पद्धत आणली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या गणितज्ञ मंगला नारळीकर. जोडाक्षरं आणि उलटा क्रम लहान मुलांना जड जातो हे त्यांनी परोपरीने समजावून सांगितलं. विधानसभेत विषय गाजला, टीव्हीवर चर्चा झाल्या, मराठी भाषेचं काय होणार म्हणून लेख आले. सगळे बोलले, पण ५२ लिहिणारी पोरं रोज ज्यांच्यासमोर बसतात त्या आम्ही बायका आणि सर मंडळी जवळजवळ गप्प होतो. आमच्याकडे बोलायला काही नव्हतं असं नाही, वर्षानुवर्षांच्या वह्या होत्या. पण प्रत्येकीची वही आपापल्या पिशवीत. दादर ते मुलुंडमधल्या नुसत्या वीस शाळांनी एक वर्षभर टिपून ठेवलं असतं की किती मुलं अंक उलटे लिहितात, कुठल्या संख्येला लिहितात, कधी सुटतात, तर त्या वादात कुणीतरी आकडे समोर ठेवू शकलं असतं. मला स्वतःला ती नवी पद्धत पूर्ण पटली होती असं नाही, पंचवीस हा शब्द पोरांना घरीदारी, दुकानात, सगळीकडे लागणारच आहे. पण मला पटतंय की नाही हे आम्ही मोजून बोलायला हवं होतं आणि त्यासाठी एकमेकींशी आधीपासून बोलत असायला हवं होतं.

आणि हे मुंबईत व्हायला नको? महापालिका आठ भाषांमधून शाळा चालवते: मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, इंग्रजी, तमिळ, तेलुगू, कन्नड. कितीतरी ठिकाणी एकाच इमारतीत दोन, तीन, चार माध्यमं असतात, तळमजल्यावर उर्दू, वर हिंदी, त्याच्या वर मराठी. हिंदी, उर्दू, गुजराती, मराठी या चारी भाषांत पंचवीसमधला पाच आधी येतो. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजीत वीस आधी येतो. म्हणजे या भाषा एकाच छपराखाली असतील तिथे उलट्या अंकांचा अभ्यास करायला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त जिना चढायला लागतो. पण माध्यम वेगळं म्हणून मुख्याध्यापक वेगळे, हजेरी वेगळी, स्टाफरूम वेगळी, आणि वर्षानुवर्षं एकाच गेटने आत येणारी माणसं एकमेकांच्या फळ्यावर काय लिहिलंय ते बघत नाहीत. मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं. जगातल्या कुठल्या शहराला असं मिळेल सांगा!

समाजशास्त्रात मार्क ग्रॅनोव्हेटर यांची १९७३ची एक मांडणी आहे, मला ती या बाबतीत फार लागू वाटते. त्यांचं म्हणणं असं की नवीन माहिती आपल्याला बऱ्याचदा जवळच्यांकडून मिळत नाही, ती मिळते थोड्याशा ओळखीच्या लोकांकडून, कारण जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आमच्या स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्या एकाच पुस्तकावरून, एकाच भाषेत, एकाच पद्धतीने शिकवणाऱ्या, त्यामुळे ५२चं कारण आमच्यात कुणालाच दिसलं नाही. दिसलं ते लोकलमधल्या अर्धवट ओळखीच्या बाईला.

बरं, हे आपल्या देशात कधी झालंच नाही असंही नाही. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या अनुताई वाघ १९४५ पासून ताराबाई मोडकांच्या सोबत बोर्डीत काम करत करतच घडल्या. आणि १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, सोळा शाळांपासून. पुढे तो १९७८ला जिल्ह्यातल्या सहावी ते आठवीच्या सगळ्या शाळांत गेला. त्यात आपल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले वैज्ञानिक गावोगावच्या शिक्षकांबरोबर बसत होते. त्या कार्यक्रमाचं प्रयोगांचं साहित्य, पाठ्यपुस्तकं यांच्याबद्दल बरंच बोललं जातं, पण मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे त्यांची मासिक गोष्ठी. आसपासच्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा एका केंद्रावर जमायचे आणि वर्गात कुठला प्रयोग फसला, मुलांनी काय विचारलं, त्याला काय उत्तर दिलं, यावर बोलायचे. हे सरकारी शाळांमध्ये, सरकारच्या परवानगीने, कामाचा भाग म्हणून व्हायचं. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं चाललेली गोष्ट एका निर्णयाने बंद होते, म्हणून मला वाटतं अशा जाळ्याचं एक टोक सरकारच्या हाताबाहेरही असायला हवं.

आपल्याकडेही शिक्षण परिषद असते, केंद्रातल्या शाळांच्या शिक्षकांची महिन्याची बैठक. कल्पना तीच. काही ठिकाणी ती सुंदर होते असं मी ऐकून आहे. मी ज्या काही बैठकांना बसलेय तिथे मात्र पहिला तास सूचनांमध्ये गेला, दुसरा तास माहिती भरण्यात, आणि एका शिक्षकाने पाठ घेऊन दाखवायचा होता तो शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकला, फोटो मात्र आठवणीने काढले. कुणाचा वाईट हेतू नव्हता. पण ज्या खोलीत वरून खाली सूचना द्यायच्या असतात, त्याच खोलीत त्याच तासाला शिक्षकांनी मोकळं व्हावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. ही दोन कामं वेगळी करा.

वेळ कुठून आणायचा हा पुढचा प्रश्न, आणि याचं उत्तर कायद्यात आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास धरलेत आणि त्यात स्पष्ट म्हटलंय की तयारीचे तास धरून. म्हणजे तयारी ही घरची गोष्ट नाही, नोकरीचा भाग आहे. त्याच कायद्याच्या कलम २७मध्ये दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून बाकी अशैक्षणिक कामाला शिक्षकांना लावायचं नाही असंही आहे. मग या ४५ तासांतला आठवड्याला फक्त एक तास, एकच इयत्ता किंवा एकच विषय शिकवणाऱ्यांना एकत्र ऑफ द्या. महिन्यातून एकदा तोच तास दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या माध्यमात जाऊन बसायला द्या. वर्षाच्या ५० तासांतले निदान २० असे धरा. वेळापत्रक करणाऱ्याला हे किती किचकट आहे मला माहितीये, मी दोन वर्षं आमच्या शाळेचं वेळापत्रक केलंय, एक शिक्षक रजेवर गेला की सगळं कोसळतं. तरी जमतं. कार्यक्रमांच्या तालमींसाठी जमतं तर यासाठीही जमेल.

यावर एक आक्षेप नक्की येणार आणि तो खोटा नाही. असा मोकळा तास दिला तर शिक्षक गप्पा मारतील. थोड्या मारतीलही. पण आमच्या त्या दोघींच्या ओळखीतली पहिली तीन-चार वर्षं गप्पाच होत्या, त्यातूनच एवढा विश्वास आला की मी माझ्या वर्गातल्या चुका एका परक्या बाईसमोर उघड्या ठेवल्या. हिशोब हवाच असेल तर एक साधी वही ठेवा. कुठला प्रश्न आला, कुणी काय करून बघितलं, पोरांचं काय झालं, एवढ्या तीन ओळी. कृपा करून जिओटॅग, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, फोटो मागू नका. ज्या दिवशी त्याचा फोटो आणि अहवाल मागितला जाईल त्या दिवशी लोक फोटोसाठी जमायला लागतील, हे आम्ही सगळ्यांनी बघितलेलं आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. शिक्षक एकमेकांना चुकीचंही शिकवतात. 'हे मूल बघून शिकणारं, ते ऐकून शिकणारं, हे हाताने करून शिकणारं' असे मुलांचे तीन गट पाडायचे आणि तसं वेगवेगळं शिकवायचं, हे मी स्वतः कितीतरी वर्षं खरं मानत होते, चार जणींना सांगितलंही होतं. २००८ साली मानसशास्त्रज्ञांनी याबाबतचं संशोधन तपासलं तेव्हा तसं शिकवल्याने फायदा होतो असा पुरेसा पुरावा त्यांना सापडला नाही. म्हणजे जाळं चांगलं तेवढंच पसरवतं असं नाही, चुकीचंही तितक्याच वेगाने पसरवतं. म्हणून नुसत्या शिक्षकांचं वर्तुळ पुरत नाही, त्यात अभ्यास करणारी माणसंही हवीत. आणि ती आपल्या शहरात आहेत. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ पासून. देवनारला टाटा सामाजिक विज्ञान संस्था आहे. सायनहून कुर्ल्याला गाडी बदलून मानखुर्दला पोचायला फार वेळ लागत नाही, पण शिक्षकाची नोकरी लागल्यापासून रिटायर होईपर्यंत तिथे एकदाही न गेलेले कितीतरी जण मला माहिती आहेत, आणि मी स्वतः पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या बाराव्या वर्षी. तिथल्या माणसांनी आमच्याकडे भाषण द्यायला यावं असं मी म्हणत नाहीये, त्यांनी मागच्या बाकावर बसून आमची पोरं काय लिहितात ते बघावं आणि मग सोबत बसून बोलावं.

शिक्षकांना इच्छाच नाही असं जे म्हणतात त्यांना मी अलीकडचं एक उदाहरण देते. १ सप्टेंबर २०२५ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त बाकी असलेल्या आमच्यासारख्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागणार. त्याच आठवड्यात आमच्या डब्यात अभ्यासाचा ग्रुप तयार झाला. पंचेचाळीस-पन्नास वयाच्या बायका, हातात कार्डं, एक विचारतेय, दुसरी सांगतेय, चुकलं तर हसतायत आणि परत विचारतायत. मराठी माध्यम, हिंदी माध्यम, इंग्रजी माध्यम, सगळ्या एकत्र. त्या डब्यात 'मला येत नाही' हे वाक्य मी इतक्या मोकळेपणाने पहिल्यांदा ऐकलं. म्हणजे जमतं आम्हाला. फक्त ते परीक्षेच्या भीतीने जमलं आणि बोलणं संभाव्य प्रश्नांवर झालं, आमच्या वर्गातल्या पोरांवर नाही. तोच डबा, त्याच बायका, तीच पन्नास मिनिटं. परीक्षा झाल्यावर ग्रुप बंद पडणार अशी मला भीती वाटते.

म्हणून आम्ही पाच जणींनी ठरवलंय. येत्या जूनमध्ये शाळा उघडली की दुसरीच्या पाच वर्गांत, दोन मराठी, एक हिंदी, एक तमिळ आणि एक इंग्रजी, पहिल्या महिन्यात त्याच वीस संख्या सांगून लिहून घ्यायच्या. २५, ६३, ३९ आणि ९० त्यात आहेत. कागद जपून ठेवायचे, नावं खोडून. दिवाळीच्या सुट्टीआधी परत त्याच संख्या. शनिवारी अर्धा दिवस शाळा असते, ती सुटल्यावर धारावीतल्या मॅडमच्या वर्गात बसायचं ठरलंय कारण तिथे पंखा चांगला आहे आणि शिपाईदादा दोनपर्यंत थांबायला तयार आहेत. आमच्या मुख्याध्यापकांना मी अजून विचारलेलं नाही, पुढच्या आठवड्यात विचारणार आहे, आणि विचारताना एवढंच म्हणणार आहे की सर, महिन्यातून एका शनिवारी मला शेवटचा तास मोकळा द्या, म्हणजे धारावीला चालत वेळेत पोचता येईल.